पाऊण तासाच्या बालक्रीडावर्गात मूल प्रत्यक्षात किती हालते?

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका क्रीडावर्गात माझी मुलगी गेले सहा महिने जात आहे. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास, चौदा मुले, त्यांना शिकवणाऱ्या एक ताई व एक मदतनीस, गाद्या अंथरलेले एक दालन आणि त्याला लागून कुंपण घातलेले मोकळे अंगण, असे या वर्गाचे स्वरूप आहे. प्रवेश घेताना मिळालेल्या माहितीपत्रकात एक वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते: ‘या वर्गामुळे तुमच्या मुलाची शारीरिक हालचालींची गरज पूर्ण होते.’ या परीक्षणाचा सगळा रोख त्या एका वाक्यावर आहे. वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे दोष मला दिसले ते या एकाच वर्गाचे आहेत असे मला वाटत नाही. लहान मुलांना गटाने, आखीव पद्धतीने खेळवण्याच्या प्रकारातच ते दडलेले असतात आणि शोधल्याशिवाय नजरेस पडत नाहीत.

माहितीपत्रकातला दावा तपासायला आधी साधा हिशेब पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार तीन व चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे ती मध्यम ते तीव्र स्वरूपाची, म्हणजे श्वास जोरात चालू लागेल आणि अंग तापेल अशी असावी. ही १८० मिनिटे सलग नसतात. चालणे, चढणे, उड्या मारणे, घरभर वस्तू ओढत फिरणे हे सगळे त्यात धरले जाते आणि ते दिवसभर विखुरलेले असणेच अपेक्षित आहे. आता पाऊण तासाच्या वर्गातील प्रत्येक मिनिट मूल हालले असे गृहीत धरले, तरी त्या दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा भरतो, आणि तोही आठवड्यातील सातांपैकी दोनच दिवशी. त्याच तत्त्वांमध्ये मुलाला एका वेळी एक तासाहून अधिक काळ बांधून बसवू नये असेही सांगितले आहे. आम्ही वर्गाला जाताना पंचवीस मिनिटे आणि येताना पंचवीस मिनिटे मुलीला गाडीतल्या आसनाला पट्ट्याने बांधून नेतो, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या हालचालीसाठी पन्नास मिनिटांचे बसणे, हे माझ्या लक्षात यायला दुसरा महिना उजाडावा लागला.

तेव्हा प्रश्न उरला तो असा, की त्या पंचेचाळीस मिनिटांत मूल नक्की किती हालते. पालकांसाठी भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या असतात. तेथून पाहिले की वर्ग अतिशय हलता दिसतो: कोणी तरी पळत असते, कोणी तरी बोगद्यातून बाहेर येत असते, संगीत चालू असते, ताईंचा आवाज घुमत असतो. मात्र नजर आपोआप हलणाऱ्या मुलाकडे जाते आणि थांबलेली दहा मुले डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून मी एके दिवशी वही घेऊन बसलो आणि फक्त माझ्या मुलीकडे पाहायचे ठरवले. बालवाडीतील मुलांच्या हालचाली नोंदवण्यासाठी संशोधक ‘ओसरॅक-पी’ नावाची एक निरीक्षणपद्धत वापरतात. तिच्यात एका मुलाकडे पाच सेकंद पाहायचे आणि पुढची पंचवीस सेकंदे नोंद करायची, अशी अर्ध्या मिनिटाची आवर्तने असतात. हालचालीचे पाच स्तर मानलेले असतात: पहिला, अगदी स्थिर, दुसरा, जागच्या जागी पण हातपाय किंवा धड हलते आहे, तिसरा, सावकाश हालचाल, चौथा, मध्यम, पाचवा, वेगवान. मूळ पद्धतीत मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, मोठ्यांनी त्याला काय सांगितले अशा बऱ्याच बाजू नोंदल्या जातात आणि निरीक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण दिलेले असते. माझ्या वहीत फक्त स्तराचा आकडा होता. एका मुलाची, एका बापाने केलेली नोंद म्हणूनच ती वाचावी.

पंचेचाळीस मिनिटांत नव्वद नोंदी झाल्या. त्यांतील ५७ नोंदी पहिल्या दोन स्तरांच्या निघाल्या, २० तिसऱ्या स्तराच्या, आणि चौथा व पाचवा मिळून अवघ्या १३. म्हणजे पाऊण तासाच्या ‘क्रीडावर्गात’ माझ्या मुलीची मध्यम ते तीव्र हालचाल साडेसहा मिनिटे झाली. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका समितीने २०११ साली बालसंगोपन केंद्रांसाठी जी शिफारस केली होती, ती तासाला किमान १५ मिनिटे हालचालीची, हलकी हालचालही धरून, अशी होती. त्या सौम्य मापाने पाहिले तर पाऊण तासाला सव्वाअकरा मिनिटे पुरेशी ठरतात आणि आमच्या वर्गात ती साडेसोळा भरली. वर्ग उत्तीर्ण झाला असे म्हणता येईल. पण ती शिफारस मुले दिवसातील कित्येक तास जेथे घालवतात त्या ठिकाणांसाठी आहे, केवळ हालचालीसाठीच म्हणून शुल्क घेणाऱ्या वर्गासाठी नव्हे.

उरलेला वेळ कोठे गेला हे वहीवरून स्पष्ट दिसत होते. सुरुवातीची आठ मिनिटे गोलात बसून नावे घेणे, कालचा दिवस कसा गेला हे विचारणे आणि आज काय करायचे हे सांगणे यांत गेली. त्यानंतर अडथळ्यांची शर्यत मांडलेली होती: समतोल फळीवरून चालायचे, बोगद्यातून सरपटायचे, तीन रिंगांमध्ये उड्या मारायच्या आणि गादीवर कोलांटी घ्यायची. मांडणी उत्तम होती, मुलांना ती मनापासून आवडतही होती. मात्र रांग एकच होती. एका मुलाला सगळे अडथळे पार करायला साधारण चाळीस सेकंद लागत आणि पहिले मूल शेवटाला पोचल्याशिवाय दुसऱ्याला सोडले जात नव्हते. चौदा मुलांचे चाळीस सेकंद म्हणजे सव्वानऊ मिनिटांहून थोडे अधिक. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन फेऱ्या आल्या, म्हणजे ऐंशी सेकंदांची हालचाल आणि अठरा मिनिटांहून अधिक उभे राहणे. रांगेतली मुले एकमेकांना ढकलू लागली की ताई त्यांना शांत उभे राहायला सांगत, आणि हे सांगणे त्या दिवशी मी इतक्या वेळा ऐकले की मुले या वर्गात प्रामुख्याने रांगेत उभे राहण्याचे शिक्षण घेत आहेत, असा समज बाहेरच्या माणसाचा सहज झाला असता.

त्यानंतरचा खेळ संगीत थांबताच खुर्ची पकडण्याचा होता. या खेळाची मोठी अडचण ही, की जो सर्वांत आधी बाद होतो तोच बहुधा सर्वांत कमी चपळ असतो आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ भिंतीला टेकून बसावे लागते. माझी मुलगी दुसऱ्या फेरीत बाद झाली. वहीत पुढच्या अकरा नोंदींवर ‘एक, एक, दोन, एक’ असे आकडे आहेत. ज्या मुलाला धावण्याचा सराव हवा त्याला बसवायचे आणि ज्याला तो आधीच आहे त्याला आणखी धावू द्यायचे, अशी या खेळाची रचना आहे, हे इतक्या वर्षांत मला कधीच जाणवले नव्हते.

हे केवळ आमच्या वर्गाचे वैगुण्य नाही, हे पुढे वाचताना कळले. रसेल पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतील नऊ बालवाड्यांमधील २८१ मुलांच्या कमरेला हालचालमापक यंत्रे बांधून मोजणी केली. मूल कोणत्या बालवाडीत जाते यावर त्याची मध्यम ते तीव्र हालचाल लक्षणीय प्रमाणात अवलंबून असते, असे तीत आढळले. मुलांची हालचाल मुलींपेक्षा अधिक भरली. त्याच संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष निरीक्षणाच्या अभ्यासात बालवाडीच्या वेळातील ऐंशी टक्क्यांहून अधिक निरीक्षणांत मुले बैठ्या स्थितीत आढळली आणि मध्यम ते तीव्र हालचाल तीन टक्क्यांहूनही कमी निरीक्षणांत दिसली. लहान मूल सारखे हुंदडतच असते, त्याला मुद्दाम हालवावे लागत नाही, ही आपली सर्वांची ठाम समजूत असते. चार भिंतींच्या आत, मोठ्यांच्या आखणीखाली आणि इतर तेरा जणांच्या रांगेत तेच मूल काय करते, याचा त्या समजुतीशी फारसा संबंध उरत नाही.

मूल कसे हालते, हेही आखणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे १९९५ साली जे बारकाईने निरीक्षण झाले, त्यात तीव्र हालचालीच्या एका झपाट्याचा मध्यक अवघा तीन सेकंदांचा निघाला आणि सौम्य व मध्यम हालचालीचा सहा सेकंदांचा; तीव्र हालचालीचे पंचाण्णव टक्के झपाटे पंधरा सेकंदांच्या आत आटोपत. ही मुले आमच्यापेक्षा मोठी होती, पण अंगणात दहा मिनिटे बसून पाहिले तर चार वर्षांच्या मुलाचीही चाल तीच दिसते: झेप, थांबणे, कशाकडे तरी टक लावून पाहणे, पुन्हा झेप. आमच्या वर्गात सुरुवातीला दालनाभोवती सलग तीन मिनिटे धावण्याचा प्रकार होता. दुसऱ्या मिनिटालाच निम्मी मुले गादीवर आडवी झालेली असत आणि मदतनीस त्यांना उठवत फिरत असे. त्या मुलांचा दम कमी नव्हता. मोठ्यांच्या व्यायामाचा साचा त्यांच्यावर बसवला होता, इतकेच.

याच संदर्भात वर्गाकडून मिळणाऱ्या मनगटी पट्ट्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. पावले मोजणारा हा पट्टा प्रत्येक मुलाला दिला जातो आणि महिन्याच्या शेवटी त्याचे आकडे पालकांना कळवले जातात. पट्टा दिसायला गोंडस आहे, मुले तो हौसेने मिरवतात. मोजमापासाठी मात्र तो निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत झाले, कारण बसून टाळ्यांचे गाणे म्हणतानाही त्यावरची पावले भराभर वाढत होती, आणि बोगद्यातून सरपटताना किंवा समतोल फळीवर जीव मुठीत धरून चालताना, म्हणजे जेथे खरी मेहनत होती तेथे, आकडा जवळजवळ जागचा हलत नव्हता. संशोधनात लहान मुलांसाठी वापरली जाणारी यंत्रे बहुधा कमरेला बांधतात आणि मोजणी पंधरा सेकंदांच्या किंवा त्याहूनही लहान तुकड्यांत करतात. एकेका मिनिटाची सरासरी काढली तर तीन सेकंदांची झेप पुढच्या थांबण्यात विरघळून जाते. महिन्याला आलेला एकच मोठा आकडा त्यामुळे पालकांना सुखावतो, यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

आता या वर्गाची जमेची बाजू. ती थोडी नाही, आणि मुलीला मी अजूनही तेथे पाठवतो याचे कारण तेच आहे. माझी मुलगी मोकळ्या अंगणात सोडली की कडेला उभी राहणाऱ्यांतली आहे. इतर मुले पकडापकडी खेळत असताना ती कुंपणाला पाठ लावून पाहत राहायची. मोकळा वेळ दिला की मूल आपोआप खेळते, हे सगळ्या मुलांबाबत खरे नसते. ज्याला चेंडू झेलता येत नाही ते मूल चेंडूच्या खेळापासून दूर राहते, दूर राहिल्यामुळे त्याला झेलणे येत नाही, आणि हे चक्र मोडायला कोणी तरी जाणते माणूस लागते. आमच्या ताई या कामात खरोखर निष्णात आहेत. त्यांनी तिला आधी मोठा मऊ चेंडू दिला, जो दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून धरता येतो. मग लहान, मग दाण्यांची पिशवी, जी हातातून निसटून गडगडत जात नाही. फेकताना हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे टाकायचा, हे त्यांनी जमिनीवर पावलांचे रंगीत ठसे चिकटवून शिकवले, तोंडाने क्वचितच काही सांगितले. लंगडी घालताना सुरुवातीला एका हाताचा आधार, पुढे एका बोटाचा, आणि तिसऱ्या महिन्यात काहीच नाही. मुलीचा डावा पाय उजव्याहून कच्चा आहे हे आम्हाला घरी कधी कळले नव्हते, ते त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितले. असे शिकवणे मोकळ्या अंगणात आपोआप होत नाही, आणि हालचालीच्या मिनिटांत त्याची मोजदादही होत नाही, कारण चेंडूकडे डोळे लावून उभे असलेले मूल माझ्या वहीत ‘एक’ म्हणूनच नोंदले जाते. माझ्या मोजपट्टीचा हा दोष मी मान्य करतो.

तिसऱ्या महिन्यात ताईंनीच मला विचारले, “तुम्ही रोज काय लिहिता हो त्या वहीत?” मी वही पुढे केली. त्यांना राग येईल असे मला वाटले होते, त्यांनी पाने उलटली, रांगेच्या हिशेबावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “हे मला समोरून दिसत नाही, दादा. माझं सगळं लक्ष फळीवरच्या मुलाकडे असतं, ते पडू नये म्हणून.” हे उत्तर प्रामाणिक होते आणि नेमकेही. चौदा मुलांमागे एकच प्रशिक्षित व्यक्ती असेल आणि फळीसारखा एक अवघड अडथळा मध्ये असेल, तर एक रांग ही सुरक्षिततेची अपरिहार्य परिणती ठरते. मदतनीस तोवर पाण्याच्या बाटल्या लावत असे.

पुढच्या काही आठवड्यांत वर्गाची मांडणी बदलली. एका लांब शर्यतीऐवजी चार ठिकाणी चार छोटी कामे आली. तीन ठिकाणी पडण्याचा धोका नसलेले खेळ आणि एका ठिकाणी फळी, जेथे ताई स्वतः उभ्या राहतात. मदतनिसाकडे उड्यांच्या रिंगा सोपवल्या गेल्या. खुर्च्यांच्या खेळात आता कोणी बाद होत नाही. खुर्च्या कमी होतात, मुले तेवढीच राहतात आणि शेवटी एकाच गादीवर चौदा जणांना मावायचे असते, ज्यात हसणे आणि धडपड दोन्ही भरपूर होते. गोलातली नावे आता चालता चालता घेतली जातात. सहा आठवड्यांनी मी पुन्हा नोंदी केल्या, तेव्हा नव्वदपैकी पहिल्या दोन स्तरांच्या ३६, तिसऱ्याच्या २७ आणि वरच्या दोन स्तरांच्या २७ निघाल्या. साडेसहा मिनिटांची साडेतेरा मिनिटे झाली होती, तीच मुले, तेच दालन आणि तेवढाच वेळ असताना.

काही गोष्टी मात्र तशाच आहेत. चौदा मुलांना चेंडू सहाच आहेत. बालवाड्यांच्या अभ्यासांतून चेंडू, रिंगा यांसारखे सहज हलवता येणारे साहित्य आणि मुलांची अधिक हालचाल यांचा संबंध दिसून आलेला आहे, आणि ते चढाईच्या मोठ्या सांगाड्याहून कितीतरी कमी खर्चाचे असते. तरीही वर्गाने या सत्रात दालनाच्या कोपऱ्यात एक भलामोठा रंगीत सांगाडा बसवला आहे, ज्यावर एका वेळी तीनच मुले चढू शकतात. छायाचित्रांसाठी खेळ मध्येच थांबवण्याची पद्धतही चालूच आहे. आणि ढकलाढकली करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून पाच मिनिटे बाकावर बसवले जाते, हे मला सर्वांत खटकते. ज्याच्या अंगातली ऊर्जा उसळते आहे त्याला नेमके हालण्यापासून रोखणे हा उपाय नव्हे, आणि या वयाच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांना हालचाल काढून घेण्याची शिक्षा टाळायला आवर्जून शिकवले जाते. जागेची स्वच्छता, गाद्यांची जाडी, पाण्याची व्यवस्था यांबाबत तक्रारीला जागा नाही.

माझ्या वहीतील दुसऱ्या नोंदीत वरच्या स्तरांचे आकडे सर्वांत दाट कोठे आहेत, हेही सांगितले पाहिजे. ते शेवटच्या सात-आठ मिनिटांत आहेत, जेव्हा ताई आणि मदतनीस साहित्य आवरत असतात आणि मुलांना अंगणात सोडलेले असते. त्या वेळाला वर्गाच्या आराखड्यात नाव नाही. ‘आवराआवर’ म्हणून तो लिहिलेला आहे. पहिल्या नोंदीत माझी मुलगी त्या वेळात कुंपणाशी उभी होती. दुसऱ्या नोंदीत तिने टोपलीत टाकायला निघालेला एक चेंडू ताईंच्या हातून मागून घेतला, कुंपणावर फेकून झेलत बसली, आणि पाहता पाहता आणखी दोन मुली तिथे येऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या सत्रासाठी आम्ही दोनऐवजी एकच दिवस घेतला आहे. दुसऱ्या दिवशीच्या पन्नास मिनिटांच्या प्रवासाचा आणि पाऊण तासाचा वेळ आता घराजवळच्या मोकळ्या जागेत जातो. मीही तिथे खुर्चीवर बसत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला कौशल्ये शिकवण्यासाठी कोणी या वर्गाबद्दल विचारले तर मी निःशंकपणे होकार देईन, फक्त पहिल्या दिवशी रांग किती लांब आहे ते मोजायला सांगेन. माहितीपत्रकातले ते ठळक वाक्य काढावे असे मी संचालकांना लेखी कळवले आहे. पुढच्या छपाईच्या वेळी विचार करू, असे उत्तर आले आहे.